बेलग्रेडचे जळालेले ग्रंथालय

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी एका जळून गेलेल्या ग्रंथालयाची कथा सांगणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्याची ही कथा आहे त्या ग्रंथालयानेही आपली शंभरी पाहिली होती. १८३२ साली बेलग्रेडमध्ये ग्लिगोरिये वोझारोविच नावाच्या, पुस्तके विकणाऱ्या आणि बांधणाऱ्या एका गृहस्थाच्या दुकानात जो ग्रंथसंग्रह आकारास आला, तोच पुढे सर्बियाचे राष्ट्रीय ग्रंथालय म्हणून नावारूपास आला. राजाश्रय नंतरचा, आरंभ दुकानातल्या फळीवर झाला. जुन्या ग्रंथालयांच्या जन्मकथा देशोदेशी अशाच असतात. १९४१ साली या संस्थेचे वय एकशे नऊ वर्षांचे होते.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात युगोस्लाव्हियाचे राज्य मोठ्या पेचात सापडले होते. २५ मार्चला त्या सरकारने व्हिएन्ना येथे जर्मनी, इटली आणि जपान यांच्या त्रिराष्ट्र करारावर सही केली. दोनच दिवसांनी, २७ मार्चला, बेलग्रेडमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी ते सरकार उलथवले आणि लोक रस्त्यावर उतरून आनंद करू लागले. हिटलरने त्याच दिवशी आपला पंचविसावा युद्धादेश काढला. युगोस्लाव्हिया केवळ सैन्य म्हणून नव्हे, तर राज्य म्हणूनही नष्ट करावयाचा आणि बेलग्रेड शहर रात्रंदिवस हल्ले करून उद्ध्वस्त करावयाचे, असा त्याचा आशय होता. मोहिमेला नाव दिले गेले तेही ‘शिक्षा’ या अर्थाचे. शिक्षा कोणाला, हा प्रश्न त्या कागदावर कोणी विचारला नाही.

युगोस्लाव्ह सरकारने ३ एप्रिलला बेलग्रेड, झाग्रेब आणि ल्युब्लियाना ही ‘खुली शहरे’ म्हणून जाहीर केली. ६ एप्रिलचा दिवस रविवारचा होता. सकाळी सातच्या सुमारास, युद्धाची कोणतीही घोषणा झालेली नसताना, जर्मन बॉम्बफेकी विमानांची पहिली तुकडी शहरावर आली. त्या दिवशी एकामागून एक लाटा आल्या; स्फोटक बॉम्बबरोबर आगलावे बॉम्बही टाकले गेले. पुढील आठवड्याभरात आणखी हल्ले झाले. शहराच्या रक्षणासाठी युगोस्लाव्ह वैमानिक उडाले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या हाती जर्मनीकडूनच विकत घेतलेली मेसरश्मिट विमाने होती, आणि समोरूनही मेसरश्मिटच येत होती. शस्त्रांच्या व्यापाराची अशी विटंबना इतिहासात विरळा.

कालेमेग्दान किल्ल्याजवळच्या प्राणिसंग्रहालयावर बॉम्ब पडले आणि पिंजऱ्यातून सुटलेली जनावरे रस्त्यांवर सैरावैरा धावू लागली. एमिर कुस्तुरित्सा या दिग्दर्शकाच्या ‘अंडरग्राउंड’ या १९९५ च्या चित्रपटात हे दृश्य आहे. ते कल्पनेचा खेळ वाटते, पण तसे घडले होते. एका चर्चच्या आवारात खणलेल्या खंदकात आसपासच्या वस्तीतील लोक आसऱ्यास गेले होते. बॉम्ब नेमका तेथेच पडला. माणसे आसऱ्याच्या जागी मेली, ही विमानयुद्धाची जवळजवळ प्रत्येक शहरातील गोष्ट आहे. वॉर्सात तेच, हॅम्बुर्गमध्ये तेच, टोकियोत तेच.

किती माणसे मेली? युद्धानंतर सतरा हजार हा आकडा सांगितला जात असे. नोंद होऊन पुरलेल्या मृतांची संख्या २,२७१ अशी दिली जाते. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज दोन ते चार हजारांच्या दरम्यान फिरतात. ढिगाऱ्याखाली कितीजण राहिले आणि शहर सोडून जाताना कितीजण वाटेत गेले, हे कोणत्या वहीत लिहिले जाणार? मृतांचा आकडा कमी ठरला म्हणून हायसे वाटावे आणि मोठा ठरला म्हणून शत्रूविरुद्धचा पुरावा बळकट झाल्याचे समाधान मिळावे, या दोन्ही वृत्ती सारख्याच अमानुष आहेत.

आता ग्रंथालयाकडे वळू. ते कोसान्चिचेव्ह वेनाच या जुन्या रस्त्यावर, पूर्वी पुठ्ठ्याच्या वस्तूंचा कारखाना असलेल्या इमारतीत होते. ६ एप्रिलला ती इमारत पेटली आणि आतून संपूर्ण जळून गेली. साडेतीन ते पाच लाखांच्या दरम्यान ग्रंथ, बाराव्या ते सतराव्या शतकांतील तेराशेहून अधिक सिरिलिक हस्तलिखिते, जुने नकाशे, वृत्तपत्रांच्या व नियतकालिकांच्या फायली, नामवंत लेखकांचा पत्रव्यवहार, हे सारे एका दिवसात राख झाले. हस्तलिखितांतील मौल्यवान भाग पेट्यांत भरून ठेवलेला होता. हलवण्याचे मात्र राहून गेले. भरलेल्या पेट्या आणि न निघालेली गाडी यांत जे अंतर असते, त्याचा अनुभव कोणत्याही संस्थेच्या कार्यवाहांना निराळा सांगावयास नको.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. दोन-चार हजार माणसे मेली असताना पुस्तकांचा शोक करावा का? एका मुलाच्या प्राणापुढे हस्तलिखिताची किंमत ती काय? शंका रास्त आहे आणि तिला चलाख उत्तर देऊ नये. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालण्याच्या नाहीत. तथापि एवढे म्हणता येते की, हल्ला करणाऱ्यांनी त्या दोन्ही एकाच तराजूत घातल्या होत्या. राज्य नष्ट करावयाचे तर त्याची माणसे आणि त्याची स्मृती, दोन्ही त्याच आगीत जातात. ग्रंथालय मुद्दाम हेरून जाळले, असे मत सर्बियात अनेकांनी मांडले आहे. तसे असो वा नसो, जुन्या दाट वस्तीवर आगलावे बॉम्ब टाकणाऱ्याला ‘आम्हाला ते ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

कायदा नव्हता असेही नाही. १९०७ च्या हेग करारात, संरक्षण नसलेल्या शहरांवर कोणत्याही साधनाने मारा करण्यास मनाई होती, आणि ‘कोणत्याही साधनाने’ हे शब्द विमानयुगाची चाहूल लागल्यानेच त्यात आले होते. मात्र आकाशात लढाऊ विमाने उडाली, म्हणजे शहर खुले नव्हते, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो करण्यात आला. हल्ल्याचे नेतृत्व करणारा अलेक्झांडर ल्योर हा मूळचा ऑस्ट्रियन सेनानी. १९३९ साली वॉर्सावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हाही एका हवाई दलाची सूत्रे त्याच्याच हाती होती. युगोस्लाव्ह न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि १९४७ च्या फेब्रुवारीत बेलग्रेडमध्येच त्याला देहान्त शिक्षा झाली. न्यायाचे हे वर्तुळ पूर्ण झालेले दिसते खरे. परंतु १६ एप्रिल १९४४ रोजी, ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या दिवशी, याच शहरावर अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले. लक्ष्य जर्मनांच्या ताब्यातील रेल्वे आणि कारखाने हे होते; मेले ते मात्र पुष्कळसे नागरिक. त्याबद्दल कोणावर खटला झाला नाही. मित्रांच्या बॉम्बची स्मारके सहसा उभारली जात नाहीत.

या काळात शहरातील एका भाड्याच्या खोलीत इव्हो आंद्रिच हा लेखक लिहीत बसला होता. हल्ल्याच्या आधी तो बर्लिनमध्ये आपल्या देशाचा वकील होता. परत आल्यावर, शहर शत्रूच्या ताब्यात असेपर्यंत एक ओळही छापावयाची नाही, असे त्याने ठरवले. ‘द्रिना नदीवरील पूल’ ही त्याची कादंबरी १९४५ साली प्रसिद्ध झाली. १९६१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हस्तलिखितांपैकी एक मात्र वाचले, तेही ग्रंथालयाबाहेर असल्यामुळे. बाराव्या शतकातील ‘मिरोस्लावचे शुभवर्तमान’ हा ग्रंथ राजघराण्याकडे होता. पहिल्या महायुद्धात माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर तो कोर्फू बेटावर गेला होता. दुसऱ्या महायुद्धात तो राचा येथील मठात राहिला. जळालेल्या इतर हस्तलिखितांची ओळख आज अभ्यासक करून घेतात ती मुख्यतः एका सूचीवरून. ल्युबोमिर स्तोयानोविच या विद्वानाने या संग्रहातील हस्तलिखितांची व जुन्या मुद्रित ग्रंथांची सूची तयार केली होती आणि ती १९०३ साली छापली गेली. सूचिकाराचे काम रूक्ष म्हणून सभासद त्याकडे फारसे पाहत नाहीत. येथे ग्रंथ गेले आणि सूची उरली.

राष्ट्रीय ग्रंथालयाची नवी वास्तू व्राचार टेकडीवर उभी राहिली आणि तिचे उद्घाटन मुद्दाम ६ एप्रिललाच, १९७३ साली, करण्यात आले. जुनी इमारत पुन्हा बांधलेली नाही. कोसान्चिचेव्ह वेनाचवर, दोन्ही बाजूंच्या घरांच्या मधोमध, तिचा पाया उघडाच ठेवलेला आहे, आणि दर वर्षी ६ एप्रिलला नव्या ग्रंथालयातील मंडळी तेथे येऊन फुले वाहतात.