'इतर' नावाचा रकाना

सरकारी कागद हाताळण्यात माझी कित्येक वर्षे गेली. छापील नमुन्याच्या तळाशी बहुधा 'इतर' असा एक रकाना असतो; भरणारा आणि तपासणारा दोघेही त्याकडे फारसे पाहत नाहीत. तोच शब्द एखाद्या देशाच्या राज्यघटनेत जाऊन बसला म्हणजे काय होते, हे बोस्नियाकडे पाहून कळते.

1992 ते 1995 या काळातील तेथील युद्धात सुमारे एक लाख माणसे प्राणास मुकली. अमेरिकेत डेटन येथे तह ठरला आणि 14 डिसेंबर 1995 रोजी पॅरिसमध्ये त्यावर सह्या झाल्या. नवल असे की, देशाची राज्यघटना ही या तहाचेच चौथे परिशिष्ट होय! तिच्यात बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब हे घटक लोकसमूह ठरले. बाकीचे सारे 'इतर'. अध्यक्षमंडळात प्रत्येक समूहाचा एक, वरिष्ठ सभागृहात प्रत्येकी पाच. लढणाऱ्यांना शस्त्रे खाली ठेवावयास लावायची तर त्यांना वाटा देणे प्राप्तच होते, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्यांच्या पाठीशी फौज नव्हती, त्यांची वाटणीच्या वेळी कोणाला आठवण झाली नाही.

डेर्वो सेयदिच हे रोमा, याकोब फिन्त्सी हे ज्यू. फिन्त्सी हे स्वित्झर्लंडमध्ये देशाचे राजदूत झाले. पण अध्यक्षमंडळाची निवडणूक ते लढवू शकत नव्हते, आणि त्याचे कारण त्यांचे ज्यू असणे, असे निवडणूक आयोगाने त्यांना लेखी कळविले होते. दोघेही स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. 22 डिसेंबर 2009 रोजी न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. गंमत अशी की, युरोपीय मानवी हक्क करार इतर सर्व कायद्यांहून श्रेष्ठ मानावा, असे ही घटनाच सांगते.

बरे, घटक समूहात जन्मलेला तरी मोकळा आहे काय? इलियाझ पिलाव हे बोस्नियाक शल्यवैद्य, राहणारे स्रेब्रेनित्साचे. जुलै 1995 मध्ये आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक पुरुष व मुलगे जेथे मारले गेले, तेच हे गाव. तहानंतर ते सर्बांच्या प्रजासत्ताकात राहिले, आणि तेथून अध्यक्षमंडळावर फक्त सर्बच निवडून जाऊ शकतो. 2016 मध्ये पिलाव यांच्या बाजूनेही निकाल लागला. त्यापूर्वी, 2014 मध्ये, आझ्रा झोर्निच या बाईंनी असाच दावा जिंकला होता. त्यांनी कोणताही समूह सांगण्यास नकार देऊन स्वतःला केवळ नागरिक म्हणविले होते.

पहिल्या निकालास पंधरा वर्षे उलटून गेली, तरी ती कलमे जागची हललेली नाहीत. घटनादुरुस्तीला त्याच वरिष्ठ सभागृहाची संमती लागते.