परीक्षकास उत्तर



शास्त्रीय नियतकालिकाकडे निबंध गेला की संपादक तो त्या विषयातील जाणकारांकडे परीक्षणास धाडतो. त्यांचे आक्षेप लेखकाकडे येतात आणि लेखकाला त्यांना मुद्देसूद उत्तर द्यावे लागते. निबंध छापला जाणार की नाही, हे पुष्कळदा या उत्तरावरच ठरते. निबंधावर आपण महिनेच्या महिने घालवतो. उत्तर मात्र एका रात्रीत, रागाच्या भरात खरडतो!

राग मोठमोठ्यांनाही येतो. १९३६ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या संपादकाने आइन्स्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वतरंगांवरील निबंध परीक्षकाकडे पाठवला. आइन्स्टाइन संतापले आणि त्यांनी निबंधच मागे घेतला. परीक्षकाचा आक्षेप खरा होता; पुढे १९३७ साली तो निबंध दुसरीकडे छापून आला, तो निष्कर्ष बदलूनच. आइन्स्टाइनना हे परवडले. आपल्या मुलामुलींना ते परवडणारे नाही. शिवाय त्यांच्यापुढे आणखी एक अडचण असते: मनात मराठी आणि कागदावर इंग्रजी.

आपला ‘च’ घ्या. परीक्षक विचारतो, “जो नमुना तापवला, तोच मोजला काय?” आपल्या मनात उत्तर तयार असते: “हाच नमुना मोजला.” या ‘च’साठी हात आपोआप ‘ओन्ली’ लिहून जातो. वाचणारा समजतो, एवढा एकच नमुना मोजला, बाकीचे मोजलेच नाहीत! झाले, नवा आक्षेप, आणखी दोन महिने. तेथे ‘द सेम सॅम्पल’ एवढेच म्हणायचे होते. ‘शंका’चीही तीच गत. परीक्षकाची सूचना नीट कळली नाही म्हणून आपण ‘डाउट’ लिहितो, आणि त्याला वाटते की आपण त्याच्यावर अविश्वास दाखवला.

काळाचेही भान हवे. “आकृती सुधारू” हा नम्रपणा झाला, पण ‘वी विल करेक्ट’ हे नुसते आश्वासन ठरते. संपादकाला केलेले काम हवे असते. ‘वी हॅव करेक्टेड’ असे लिहून पुढे पान आणि ओळ द्यावी.

आणि ते ‘अ’ आणि ‘द’! मराठीत ही उपपदे नाहीत, म्हणून आपण ती अंदाजाने मीठ टाकावे तशी टाकतो. “तडा जाण्याचे कारण उष्णता” या मराठी वाक्यात कारण एकच की अनेकांपैकी एक, हे उघड होत नाही. इंग्रजीत मात्र ‘द रीझन’ म्हटले की दुसरे कारण उरत नाही, आणि परीक्षक लगेच पुरावा मागतो. यावर माझा उपाय साधा आहे. मराठी वाक्यात ‘एक’ घालून पाहावे. “तडा जाण्याचे एक कारण उष्णता” एवढेच आपल्या प्रयोगातून सिद्ध होत असेल, तर ‘द’ खोडावा आणि ‘अ’ लिहावा. असे करताना एकदा माझ्या स्वतःच्या उत्तरात पाच ठिकाणचे ‘द’ गेले, आणि एका ठिकाणी सबंध वाक्यच काढून टाकावे लागले.