वाचायची जागा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात केलेले भाषण)

सचिवांनी मला विषय दिला, "माझी आवडती पुस्तकं". वर तंबी दिली, "काकू, दहा मिनिटं हं." आता एकाहत्तर वर्षांच्या बाईला पुस्तकांवर बोलायला सांगायचं आणि दहाच मिनिटं द्यायची, हे फक्त पुण्यातच होऊ शकतं. तेव्हा मी विषय थोडा बदलते. पुस्तकं कोणती वाचली यापेक्षा ती कुठे बसून वाचली, ते सांगते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की या इमारतीच्या जागी आमचा वाडा होता. आम्ही त्यातले सात भाडेकरू. माझा जन्म तिथलाच, १९५३ चा. दोन खोल्या, माणसं नऊ. त्यात वाचायला जागा कुठली? पण होती. माडीवर जाणारा लाकडी जिना होता, खडा, दोरी धरून चढायचा. त्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर छपरातल्या काचेच्या कौलातून उजेड यायचा. दुपारी दोन ते साडेतीन. ती माझी जागा. येणारा-जाणारा मला ओलांडून जायचा आणि जाता जाता एक टपली मारायचा.

घरात एवढी बायकामाणसं असताना आठ-नऊ वर्षांची मुलगी दुपारी पुस्तक घेऊन बसली आहे, हे कोणाला बघवायचं नाही. "अगं, तांदूळ निवडायला ये." "अगं, बाळाला घे." तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "वाचू दे तिला. मी निवडते."

हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. तेव्हा मला वाटायचं, आपली जागा म्हणजे ती पायरी. पायरीचं काही नव्हतं हो. जागा त्या वाक्याने झाली होती.

आईला स्वतःला अशी जागा नव्हती. दुपारची भांडी झाली की चहाचं आधण ठेवेपर्यंत जो काय तासभर मिळेल, तेवढ्यात ती उंबऱ्याशी पाटावर बसून वाचायची. हाताशी पुस्तक नसलं तर वाण्याच्या पुडीचा कागद सरळ करून वाचायची. पुडीवरची गोष्ट नेमकी रंगात आली की फाटलेली असायची. मग पुढे काय झालं असेल, ते रात्री आम्हाला तीच रचून सांगायची.

वाचनालयाची वर्गणी वडिलांच्या नावावर होती. पुण्याला वाचनालयांचा तोटा कधीच नव्हता. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ सालचं, आणि शेजारच्या नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. आमचं वाचनालय लहान होतं. पुस्तक बदलायला मी जायचे. वडील एक नाव सांगायचे. आई मुठीत चिठ्ठी द्यायची आणि म्हणायची, "त्यांचं नाही मिळालं तर हे आण." वडिलांचं पुस्तक बरेचदा मिळायचं नाही. का मिळायचं नाही, ते आज साठ वर्षांनी जाहीर करायला हरकत नाही.

आता १२ जुलै १९६१. इथे बसलेल्यांपैकी तिघा-चौघांना तो दिवस आठवत असेल. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं. दुपारी पाणी पेठांत शिरलं. आपण ओंकारेश्वराच्या इतक्या जवळ, नदी म्हणजे आमच्या मागच्या अंगणातलीच. "पाणी आलं, पळा" अशी ओरड झाली. आईने धाकट्या भावाला कडेवर घेतलं, दागिन्यांची डबी पदराला गाठ मारून बांधली, मला दंडाला धरलं आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली. आली ती काखेत पुस्तक घेऊन. आम्ही धावत शुक्रवार पेठेत आत्याकडे पोचलो. तिथे वडील तिच्यावर जे भडकले! "घर बुडतंय आणि तू पुस्तक काय आणलंस?" आई म्हणाली, "ते आपलं नाही. परत द्यायचं आहे."

ते पुस्तक होतं लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे".

पाणी ओसरल्यावर आम्ही वाड्यात आलो, तर मागची मातीची भिंत बसली होती. वडिलांची पुस्तकांची ट्रंक खालच्या खोलीत होती. आतल्या पुस्तकांच्या चिखलाने विटा झाल्या होत्या. आम्ही ती उन्हात मांडली, पान न् पान सुटं करायचा प्रयत्न केला. वाळली, पण उघडली नाहीत. वडील शेजारी बसून नुसते बघत होते. रागावणारे वडील मी पाहिले होते, असे कधी पाहिले नव्हते.

महिन्याभराने आई स्वतः वाचनालयात गेली, मला घेऊन. तिथेही खालची कपाटं गेली होती. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "उशीर झाला, दंड सांगा." तिथल्या काकांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं, रजिस्टर शोधलं, तेही भिजलेलं. मग ते पुस्तक त्यांनी परत तिच्याकडे सरकवलं. "वहिनी, हेच घेऊन जा पुन्हा. दुसरं द्यायला कोरडं आहे काय माझ्याकडे?"

तर असं ते पुस्तक आईने लागोपाठ तीनदा वाचलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लक्ष्मीबाई रेव्हरंड टिळकांच्या पत्नी. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, आणि तिने आपला संसार असा लिहिला की चार भागांतलं ते पुस्तक, पहिला भाग १९३४ सालचा, अजूनही शिळं होत नाही. नवरा धर्म बदलतो, घर फुटतं, पुन्हा जोडलं जातं, आणि बाई हे सगळं सांगताना स्वतःलाच हसते. पुरानंतरच्या त्या दिवसांत, भिंत नसलेल्या खोलीत आई ते वाचत होती आणि मधेच खुदकन हसत होती. पुस्तकाचा उपयोग काय, असं मला कोणी विचारलं तर मी तेवढंच चित्र सांगते.

पुढे माझ्या जागा वाढल्या. रणजित देसाईंची "स्वामी" १९६२ ला आली, माझ्या हाती पडली चौदाव्या वर्षी. ती मी शनिवारवाड्याच्या आत जोत्यांवर बसून वाचली. मुद्दामच. १८२८ च्या आगीनंतर तिथे राहिलंय काय, जोती, तट, दरवाजे आणि कारंजी. पण मांडीवर "स्वामी" असली की भिंती आपोआप उभ्या राहायच्या. माधवराव थेऊरला गेले त्या पानांवर मी रडत होते आणि पहारेकरी शिट्ट्या मारत होता. जवळ येऊन त्याने पुस्तक बघितलं आणि म्हणाला, "किती पानं राहिली?" मी म्हटलं, "दहा." तो बाकीच्यांना बाहेर काढायला दुसऱ्या टोकाला गेला आणि सावकाश परत आला.

अप्पा बळवंत चौकातही तेच. अप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या वाड्यावरून चौकाला नाव पडलं, पण आम्हा पोरांना तो चौक म्हणजे पुस्तकंच. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांसाठी तिथे मुंगी शिरायला जागा नसते, हे तुम्ही जाणताच. इतर महिन्यांत मी एका दुकानात उभ्याने वाचायचे, इरावतीबाई कर्व्यांचं "युगान्त" अर्धं तिथेच. विकत घ्यायचे पैसे नव्हते. दुकानदाराने आठवडाभर बघितलं आणि एके दिवशी म्हणाला, "पान दुमडू नका. आणि उजेडात उभ्या राहा."

पुणेरी दुकानदार असं बोलला, यावर माझ्या सुनेचा अजून विश्वास बसत नाही.

"व्यक्ती आणि वल्ली" मात्र एकटीने वाचलंच नाही. वाड्याच्या चौकात रात्री एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पुलंचा नारायण आला की सगळे वळून एकाच बिऱ्हाडाकडे बघायचे. आमच्या वाड्यातला नारायण तिथे राहत होता, आणि तो त्या वेळी बहुधा कोणाच्या तरी लग्नाचे वाढपी ठरवायला गेलेला असायचा. माझा मुलगा पुढे माळ्यावर बसून भा. रा. भागवतांचा "फास्टर फेणे" वाचायचा. दहा हाका मारल्या तरी यायचा नाही. मी ओरडायला तोंड उघडलं की मागून आवाज यायचा, "वाचू दे त्याला."

१९९९ मध्ये आम्ही या इमारतीत आलो. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची, म्हणजे आज मी आहे तेवढी. आयुष्यात पहिल्यांदा तिला खिडकीशी स्वतःची खुर्ची मिळाली. पाय पसरून, उशी पाठीला लावून, भर सकाळी दहा वाजता ती पुस्तक उघडून बसली, आणि मला म्हणाली, "कोणी बघत तर नाही ना?"

चार-पाच वर्षं मिळाली तिला. मग काचबिंदूने डोळे गेले. ती म्हणाली, "तू वाच, मी ऐकते. स्मृतिचित्रेच घे." मी वाचायला लागले. पण माझी नोकरी होती, वर नातवंडांचं. बहुतेक संध्याकाळी मी म्हणायचे, "आज नको गं, रविवारी वाचू." रविवारी पाहुणे. पुढच्या रविवारी लग्न. ती कधी रुसली नाही. "असू दे, तुझं आवर," म्हणायची. तिसरा भाग संपायला आम्हाला दोन वर्षं लागली. २००९ च्या पावसाळ्यात ती गेली. चौथा भाग राहिला. विजेच्या बिलाची घडी खुणेला घातलेली आहे, ती अजून तिथेच आहे.

माझ्यासाठी जिन्याची पायरी राखणाऱ्या बाईला मला रोज अर्धा तास देता आला नाही. देता आला असता. मंडळी, हे मी इथे रडगाणं म्हणून सांगत नाही. आपल्या घराघरांत आत्ता कोणीतरी आहे, सहा वर्षांचं किंवा ऐंशी वर्षांचं, ज्याला वाचायचंय, किंवा ज्याला वाचून दाखवायला हवंय. त्याला खुर्ची असेल, दिवा असेल, महागातला दिवाण असेल. पण "वाचू दे" म्हणणारं माणूस आहे का, एवढं घरी गेल्यावर बघा.

आता शेवटचा मुद्दा, कारण सचिव घड्याळ बघतायत. तळमजल्यावरची मीटरजवळची खोली वाचनखोली करायची, असा ठराव वार्षिक सभेत झाला. पाच हरकती आल्या, त्यातल्या तीन चपलांविषयी होत्या. ठराव मंजूर झाला, आनंद आहे. माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. एक, खोलीला कुलूप नको. नाहीतर किल्ली सचिवांकडे, सचिव कचेरीत, आणि पुस्तकं आत. दुसरी, दारावर चौदा कलमांची पाटी नको. आपल्याला पाट्यांची हौस फार. लावायचीच तर दोन शब्दांची लावा, "वाचू द्या".

आईचं ते "स्मृतिचित्रे" वाचनालयाचं होतं. ते अर्थातच परत दिलं. नाहीतर तिने मला वरून दंड पाठवला असता. नंतर मी विकत घेतलेली प्रत आज त्या खोलीसाठी देते आहे, विजेच्या बिलासकट. येत्या रविवारपासून दुपारी चार वाजता मी तिथे चौथा भाग वाचणार आहे. ज्यांना ऐकायचंय त्यांनी यावं. मुलं मधेच उठून गेली तरी चालतील. झोप लागली तरी चालेल.

फक्त चहा घरून पिऊन यावा.