बातमीतली उंची, नकाशातला वारा



पावसाळ्यात बातम्यांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: समुद्रसपाटीपासून ३.१ ते ५.८ किलोमीटर उंचीवर चक्राकार वाऱ्यांची स्थिती आहे. आकडे रुक्ष वाटतात, म्हणून आपण ते कानाआड करतो. पण कोकणाचा, मुंबईचा पाऊस पुष्कळदा त्या आकड्यांतच दडलेला असतो.

१९६३च्या जुलैत मुंबईजवळ अरबी समुद्रावर असंच एक आवर्त होतं. जमिनीलगतच्या नकाशात त्याची खूण जेमतेम. वर चार-पाच किलोमीटरवर मात्र ते जोरात फिरत होतं आणि खाली पाऊस कोसळत होता. हवामानशास्त्रज्ञ मिलर आणि केशवमूर्ती यांनी विमानांतून घेतलेल्या निरीक्षणांच्या आधारे त्याची रचना उलगडली. तो अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला.

आज अशा वरच्या थरातल्या वाऱ्याचा नकाशा घरच्या संगणकावर निघतो. अमेरिकेच्या जीएफएस या हवामान मॉडेलचा अंदाज फुकट उतरवून घेता येतो आणि ‘ग्रॅड्स’ हे नकाशे काढणारं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. फाइल उघडायची आणि टाइप करायचं, ‘सेट लेव्ह ६००’. म्हणजे ६०० हेक्टोपास्कल दाबाचा थर, उंची साधारण साडेचार किलोमीटर. मग ‘सेट जीएक्सआउट बार्ब’, शेवटी ‘डी’ आणि पुढे वाऱ्याच्या यू;व्ही या दोन घटकांची फाइलमधली नावं. पडदा वारा दाखवणाऱ्या काड्यांनी गच्च भरतो, काही म्हणजे काही कळत नाही. दर चौथी काडी तेवढी ठेवली की चित्र मोकळं होतं. काडीला जिकडे पिसं, तिकडून वारा. अर्धं पीस पाच नॉट, पूर्ण पीस दहा, त्रिकोण पन्नास. मुंबईच्या आसपास या काड्या घड्याळाच्या उलट फेर धरू लागल्या, की तेच ते बातमीतलं चक्राकार वारं.

वेळेकडे नीट लक्ष द्या. नकाशावरचं ‘००झेड’ ही जागतिक वेळ, म्हणजे आपली मध्यरात्र नव्हे, सकाळचे साडेपाच. त्याच सुमाराच्या निरीक्षणांसाठी हवामान खातं फुगे सोडतं. फुग्याने मोजलेला वारा हा साक्षीदार. आपला नकाशा हे गणित. दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय कुणाला पावसाचा शब्द देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, बातमीत दीड किलोमीटर ऐकलंत तर ८५०चा थर घ्या, ३.१ला ७००चा, ५.८ला ५००चा. उद्या बातम्या ऐकताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा, उंची टिपून घ्या आणि त्या थराचा नकाशा स्वतः काढून बघा.