आता डाव तुमचा



नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण बडनेऱ्यात गेलं, त्यांना टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम आठवत असेल. कॅसेटवर ठोकून लिहिलेलं असायचं, ९९९९ गेम. आत मारिओ, कॉन्ट्रा, टँक, बदकं मारायचा एक, असे मोजके खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा. ते यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल होती. पण त्याच फॅमिकॉमवर जपानची पोरं ज्या खेळापायी वेडी झाली होती, तो खेळ आपल्या कॅसेटमध्ये माझ्या तरी पाहण्यात कधी आला नाही. आज त्या खेळाबद्दल आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल बोलायचं आहे. त्यांना जपानी धाटणीचे रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपले पोट्टे थोडक्यात 'जेआरपीजी' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पहिला मोठा खेळ ड्रॅगन क्वेस्ट. २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीने तो काढला. रचना युजी होरी यांची, राक्षस आणि माणसं काढली अकिरा तोरियामा यांनी. ड्रॅगन बॉलचे चित्रकार म्हणून आपल्या मुलांना ते ठाऊक आहेत. संगीत कोइची सुगियामा यांचं. मुळात रोल-प्लेइंग हा प्रकार अमेरिकेतला. १९७४ मध्ये कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला, मग १९८१ मध्ये कॉम्प्युटरवर विझर्ड्री आणि अल्टिमा आले. पण त्यांना कीबोर्ड लागायचा, नकाशे हाताने काढावे लागायचे, आणि नवखा माणूस पहिल्या अर्ध्या तासात मरायचा. होरींनी हे सगळं चार दिशा आणि दोन बटणं यांत बसवलं.

त्यांचं कसब पाहायचं असेल तर खेळाची सुरुवातच पाहा. तुम्ही राजाच्या दरबारात उभे आहात आणि दार बंद आहे. पेटी उघडल्याशिवाय किल्ली मिळत नाही आणि किल्ली लावल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणजे बाहेर पडेपर्यंत सगळ्या आज्ञा शिकून झालेल्या असतात, कोणी शिकवलं हे कळतसुद्धा नाही. बाहेर आलं की पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. शेवटी जायचं ठिकाण पहिल्याच मिनिटाला डोळ्यांसमोर! फक्त तिथवर पोहोचायला सारी दुनिया पालथी घालावी लागते. वाटेत स्लाइम नावाचा निळा, हसरा, थेंबासारखा राक्षस भेटतो. तो मारला की अनुभवाचा एक गुण. असे सात गुण झाले की तुम्ही दुसऱ्या पायरीवर.

आणि लढाई कशी? तुम्ही हल्ला करायचा, मंत्र टाकायचा की पळायचं, ते ठरवा. मग राक्षस त्याचं करेल. तुम्ही ठरवेपर्यंत तो थांबतो. चहा घेऊन या, फाटक उघडून या, तो तिथेच उभा. कॉन्ट्रामध्ये डोळा लवला की जीव गेला. इथे डाव तुमचा असेल तोवर जगात काहीही घडत नाही. पोथी जशी अध्याय झाला की गुंडाळून ठेवावी आणि उद्या तिथूनच उघडावी, तसा हा खेळ.

पण उद्या तिथूनच उघडायचा कसा? पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये आठवण ठेवायला बॅटरी नव्हती. राजा तुम्हाला वीस अक्षरांचा मंत्र सांगायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की आठवड्याची मेहनत गेली. तिसऱ्या भागात कॅसेटमध्ये बॅटरी आली. तो भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, निघाला आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना जपानी पोलिसांनी पकडलं. पुढे संसदेने कायदा केला अशी दंतकथा सांगतात. कायदा-बियदा काही नाही. चौथा भाग रविवारी निघाला, एवढंच. गंमत म्हणजे अमेरिकेत याच मालिकेच्या पहिल्या भागाला म्हणावं तसं गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि शेवटी एका मासिकाच्या वर्गणीबरोबर तो फुकट वाटला गेला.

आता तुलनेकडे येतो. दोन जेआरपीजी खेळाडू एकत्र आले की वाद ठरलेला: ड्रॅगन क्वेस्ट मोठा की फायनल फँटसी? लोक चित्रं मोजतात, गाणी मोजतात, तास मोजतात. माझं माप वेगळं आहे. तुम्ही मेलात की हा खेळ तुमचं काय करतो, ते पाहा.

ड्रॅगन क्वेस्टमध्ये मेलात की पुन्हा राजासमोर उभे. तो चार शब्द सुनावतो, तुमचे अर्धे पैसे जातात, पण मिळवलेला अनुभव तसाच राहतो. म्हणजे हरलेला दिवससुद्धा वाया जात नाही. १९८७ च्या डिसेंबरात आलेल्या, हिरोनोबु साकागुची यांनी घडवलेल्या फायनल फँटसीचा स्वभाव निराळा. तिथे सगळे गारद झाले की खेळ खलास. शेवटचं जिथे सेव्ह केलं असेल तिथून पुन्हा. पुढच्या भागांत गुहेत आणि किल्ल्यात तर सेव्ह करायची जागाही ठरलेली. ती दिसली की जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच धास्तीही वाटायची, कारण तिच्यापुढे बहुतेक वेळा काहीतरी मोठं वाढून ठेवलेलं असायचं.

आता हे आपल्या वऱ्हाडात आणून बघा. २००५-०६ च्या सुमाराचं भारनियमन आठवतं ना? मित्राच्या घरी पहिला प्लेस्टेशन, अमरावतीहून आणलेल्या नकली डिस्क, आणि पडद्यावर १९९७ चा फायनल फँटसी सात. तीन डिस्कचा तो खेळ. त्यात वेळेचा पट्टा भरत जातो. तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू मुकाट्याने बसेलच असं नाही. क्लाउड नावाचा नायक, धुराने काळवंडलेलं मिडगार शहर, आणि तासभर सेव्हची जागा सापडलेली नाही. तेवढ्यात 'गेली ना बाप्पा लाइन!' आतून मित्राची आजी विचारायची, "काऊन रे, कोनी मेलं काय?" आम्ही म्हणायचो, हो आजी, सगळेच मेले.

लाइनीने मारलं तर राजाही भेटत नाही आणि अर्धे पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून आम्ही जपून खेळायचो. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून टीव्हीवर चिकटवलेलं, आणि लाइन जायला अर्धा तास उरला की गुहेत शिरायचंच नाही. बाहेरच्या मोकळ्या नकाशावर कुठेही सेव्ह करता येतं, म्हणून तिथेच स्लाइमछाप किरकोळ राक्षस मारत वेळ काढायचा. जपानी रचनाकारांनी ज्या भीतीची आखणी केली होती, तिच्यावर आमच्या वीज खात्याने आपली कलाकुसर केली. खरं सांगतो, त्यामुळे खेळाला धार आली.

आताच्या मुलांकडे ती धार नाही. संध्याकाळी बडनेरा स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट पाहणारी पोरं बघा. अंजनगाव बारी रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजची असतात, पुण्यामुंबईला निघालेली असतात. फोनवर इम्युलेटर असतो, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, आणि त्यात पोकेमॉन. खेळाची फुकट उतरवलेली प्रत कायद्यात बसत नाही, हे सांगणं माझं काम; त्यांना ते माहीत असतं, हेही सांगून टाकतो. या इम्युलेटरात कुठल्याही क्षणी खेळ गोठवून ठेवता येतो. वार चुकला की एक बटण दाबायचं आणि मागच्या क्षणाला जायचं. सोय मोठी आहे, गाडी कधीही येते. पण अशा खेळात हरणं उरत नाही, आणि हरणं गेलं की औषधाची शेवटची बाटली आत्ता वापरू की ठेवू, हा प्रश्नच जातो. त्या प्रश्नाशिवाय या खेळांत राहतं काय? बटणं दाबणं.

पोकेमॉनची दुसरी अडचण जास्त बोलकी आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉयवर हा खेळ एकाच वेळी दोन प्रतींत आला, लाल आणि हिरवी. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे जमवायचा नाद होता, त्यातून ही कल्पना निघाली. पण एका प्रतीत सगळे प्राणी मिळतच नाहीत. ज्याच्याकडे दुसरी प्रत आहे त्याच्याशी वायरने यंत्र जोडून अदलाबदल करावी लागते. काडाब्रा नावाचा एक प्राणी तर अदलाबदल झाल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाही. इम्युलेटरवर एकट्याने खेळणाऱ्याचा काडाब्रा जन्मभर काडाब्राच राहतो. काही इम्युलेटरांत दोन फोन जोडायची सोय असते, पण ती खटपट क्वचित कोणी करतो. मला हे दुरुस्त करण्याजोगं वाटतं. खेळच सांगतोय की मित्र शोधा.

थोडं देवादिकांविषयी. फायनल फँटसीमध्ये १९९० च्या तिसऱ्या भागापासून 'शिवा' येते. हो, येते. निळ्या अंगाची, बर्फाची स्त्री. बोलावली की शत्रू गोठतात. दर महाशिवरात्रीला कोंडेश्वराच्या महादेवाला जाणाऱ्या माणसाने हे पाहिलं की आधी डोळे विस्फारतो, मग हसतो. दुसऱ्या बाजूला ॲटलस कंपनीची शिन मेगामी तेन्सेई ही मालिका. तिथे शिव शिवच आहे, आणि काही भागांत त्याला मिळवायला बालीच्या बेटावरची रांगदा आणि बारोंग यांना एकत्र करावं लागतं. याच कंपनीच्या २००४ च्या डिजिटल डेव्हिल सागामध्ये पात्रं वरुण, अग्नी, वायू, पृथ्वी यांची रूपं घेतात, नव्या विद्या मिळवतात त्यांना मंत्रच म्हणतात, आणि सगळ्यांना पोहोचायचंय निर्वाणाला. जपान्यांनी हे पुस्तकांतून उचललंय असं समजू नका. आपली सरस्वती बेन्झाइतेन होऊन आणि आपला इंद्र ताइशाकुतेन होऊन बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानच्या देवळांत केव्हाच जाऊन बसलेत. त्यामुळे मला त्यांच्या वरुणाचा राग येत नाही. कंटाळवाणा वरुण केला असता तर आला असता.

आपल्याकडे असं काही झालं का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' काढला. लोकांकडून वर्गणी जमवायचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी खेळ पूर्ण केला. भावाला शोधत निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, पहाडी चित्रशैलीचा रंग. देखणा आहे. पण तो उड्या आणि मारामारीचा खेळ आहे. डाव तुमचा म्हणून थांबणारा नाही. तसा मराठी खेळ अजून यायचा आहे.

तो करणाऱ्याने १९९७ चं मिडगार बघू नये, २००८ चा पर्सोना चार बघावा. तोही ॲटलसचाच. यात राक्षसांपेक्षा गाव महत्त्वाचं. शहरातला एक मुलगा वर्षभरासाठी इनाबा नावाच्या लहान गावात पोलीस असलेल्या मामाकडे राहायला येतो. घरात सात वर्षांची मामेबहीण, नानाको. बाप ड्यूटीवर, ती एकटी टीव्ही पाहत बसलेली. गावात नवा मोठा मॉल उघडलाय आणि जुन्या बाजारपेठेतली दुकानं एकेक बंद पडताहेत. मॉलच्या मॅनेजरचा मुलगा वर्गातच आहे. त्याच्याशी कसं बोलावं हे दुकानदारांच्या घरच्यांना कळत नाही. गावात खून होताहेत, राक्षस टीव्हीच्या आत आहेत, ते सगळं आहेच. पण जुन्या वस्तीतल्या शटर ओढलेल्या दुकानांवरून गेलेल्या माणसाला त्या बाजारपेठेतून चालताना थांबावंसं वाटतं.

पर्सोनाचं वैशिष्ट्य म्हणजे दिनदर्शिका. लढाई तुमच्यासाठी थांबते, वर्ष थांबत नाही. शाळा सुटल्यावर मित्राकडे जायचं, नोकरी करायची, अभ्यास करायचा की टीव्हीत शिरायचं? एक केलं की दुसरं राहिलं. नानाकोबरोबर जेवायला घरी न गेल्याची रुखरुख मला बड्या बड्या राक्षसांकडून हरल्यापेक्षा जास्त लागली. माझ्या मते आजवरच्या तुलनेत हा पहिला, आणि फायनल फँटसी सातवाल्यांनी माझ्याशी खुशाल भांडावं.

कोणाला सुरुवात करायची असेल तर मात्र पर्सोनापासून करू नका. १९९५ चा क्रोनो ट्रिगर घ्या. ड्रॅगन क्वेस्टचे होरी आणि तोरियामा, फायनल फँटसीचे साकागुची, असे दोन्ही घरचे कारागीर त्यात एकत्र आले होते. तो फोनवर रीतसर विकत मिळतो, नव्या गेमच्या चार-पाच हजारांच्या मानाने किरकोळ पैशांत, आणि वीस-पंचवीस तासांत संपतो. इंग्रजीची धास्ती नको. आमच्यातल्या कितीतरी जणांना 'अँटिडोट' हा शब्द शाळेच्या आधी विषारी सापाने शिकवला. आणि घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर पर्सोना वर्षभर कपाटात ठेवा. त्यातही परीक्षा असतात, पण त्यातले पेपर सोपे आहेत.