हवा मारून आणलेला फिल्टर

मागच्या भागात चेन-स्प्रॉकेटवर बोललो, आज एअर फिल्टर. मी वेरूळचा. इथून गाडीवर संभाजीनगरला जायचं म्हणजे सुमारे 30 किलोमीटर. आधी खुलताबाद, मग घाट उतरून दौलताबाद, मग शहर. रस्ता डांबरी आहे, पण कडेचा मुरूम, ट्रकने उडवलेला फुफाटा, शेताच्या वाटेची धूळ, सगळं गाडीच्या नाकात जातं.

किती हवा जाते, त्याचा हिशेब बघा. 1 लिटर पेट्रोल नीट जळायला वजनाने जवळपास पावणेपंधरा पट हवा लागते. म्हणजे अंदाजे 11 किलो, साधारण 9 हजार लिटर. पाण्याचे 200 लिटरचे ड्रम धरले तर 45 ड्रम! 60चं अ‍ॅव्हरेज असेल तर शहराच्या एका फेरीत, जाऊन-येऊन, एवढी हवा इंजिनाने ओढली. कैलास लेणं ज्या काळ्या पाषाणात कोरलंय, तोच दगड इथल्या खडीत आणि धुळीत आहे. त्याचं पीठ पिस्टन आणि बोअरच्या मध्ये गेलं, की पॉलिश पेपरचं काम करतं.

मला हे महागात पडून कळलं. माझ्या गाडीचा फिल्टर कागदी, तेलकट तपकिरी रंगाचा. मी काय करायचो, दर महिन्याला पंक्चरच्या दुकानात जाऊन त्याला कॉम्प्रेसरने जोरात हवा मारायचो. पिकअप सुधारायचा, मी खूश. सुधारणारच की, कागदाला भोकं पडली होती! वर्षभराने निळसर धूर आणि ऑइल कमी होऊ लागलं. हेड खोललं, तर बोअरवर उभे ओरखडे. बोअर-पिस्टनचा खर्च आला आणि नव्या फिल्टरची किंमत त्यापुढे काहीच नव्हती.

तर हा तेलकट कागद धुवायचा नाही, हवाही मारायची नाही. त्यावरचं तेलच बारीक धूळ धरतं. तो सरळ बदलायचा. मॅन्युअलमध्ये बहुधा 12 ते 16 हजार किलोमीटर लिहिलेलं असतं, पण तिथेच धुळीच्या भागात लवकर बदला असंही असतं. ती ओळ आपल्यासाठीच आहे. मी 8 हजारांवर बदलतो.

जुन्या गाड्यांत फोम असतो, तो मात्र धुता येतो. रॉकेलमध्ये बुडवून तळहातांत दाबायचा, कपड्यासारखा पिळायचा नाही, फाटतो. पेट्रोल वापरू नका, भडका उडायची भीती. सावलीत वाळवून इंजिन ऑइल लावायचं आणि जास्तीचं दाबून काढायचं. कोरडा फोम बसवला तर बारीक धूळ आरपार जाते.

चोंदलेला फिल्टर कसा ओळखायचा? कार्बोरेटरच्या गाडीत प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरतं. एफआय गाडीत अ‍ॅव्हरेजवरून फारसं कळत नाही, घाट चढताना दम कमी वाटतो, एवढंच.

आणि एक, फिल्टर काढल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या तोंडाशी आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली, तर फिल्टर फाटलाय किंवा कडेने नीट बसलेला नाही. तशी गाडी चालवू नका, आधी ते बघा. बॉक्सच्या तळाशी एक छोटी नळी असते, पाणी-तेल साचलं तर ती रिकामी करून परत घट्ट लावा. पावसाळ्यात फिल्टर भिजला असेल तर तोही बदलाच, कागद फुगलेला असतो.

पुढच्या भागात प्लगचा रंग बघून काय काय कळतं, ते बोलू. येतो!