डाकोटाचा खरा फोटो

बुटीबोरीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

शाळेच्या प्रदर्शनासाठी आमच्या पोरींना पुठ्ठ्याचं डाकोटा विमान करायचं होतं. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरला जमत आणि टपालाच्या थैल्या बदलून परत जात. त्यातलंच हे डाकोटा.

माप सोपं होतं. खऱ्या पंखांची लांबी सुमारे २९ मीटर. बहात्तर पट लहान केलं की ४० सेंटिमीटर. अडलं ते फोटोपाशी. मोबाइलवर पहिला फोटो खेळण्याचा निघाला, दुसऱ्यावर वायुसेनेचं चिन्ह! तो पाहून रंगवलं असतं, तर टपालाचं विमान फौजेचं झालं असतं.

मग आम्ही ठरवलं : फोटो खऱ्या विमानाचाच हवा, कोणाचं आणि कोणत्या सालचं ते लिहिलेलं हवं, आणि समोरून, बाजूनं, वरून असे सगळे हवेत. बाजूच्या फोटोतच कळलं, डाकोटा जमिनीवर नाक वर करून उभं राहतं. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली असतं.

मैत्रिणींनो, घरातल्या जुन्या फोटोंमागे साल आणि गाव आजच लिहून ठेवा. उद्या कोणाला तरी खरं काय ते त्यातूनच कळेल.